शरीराची न दिसणारी वीण

तंजावरहून दक्षिणेला पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव लागते. तमिळनाडूच्या नकाशावर ते एक साधे तालुक्याचे ठिकाण आहे. पण मराठी माणसाने तेथे घटकाभर थांबावे असे एक कारण आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सर्फोजीराजे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या मर्जीतील मुक्तांबा हिच्या नावाने येथे एक छत्र बांधले आणि वस्तीलाही मुक्तांबाळपुरम हे नाव मिळाले. छत्र म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा, अन्नछत्र, पाठशाळा आणि दवाखाना, सारे एकाच छपराखाली. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी आणि राण्यांनी अशी अनेक छत्रे उभारली होती.

काशीहून आणलेले गंगाजल रामेश्वरी वाहायचे, म्हणजे यात्रा पुरी झाली, अशी आपल्याकडची जुनी श्रद्धा. आगगाडी येण्यापूर्वी ही यात्रा बहुतेक जण पायीच करीत. महाराष्ट्रातून निघालेला यात्रेकरू तंजावर मुलखात पोहोचेपर्यंत त्याच्या पायांनी शेकडो कोस तुडवलेले असत. अशा माणसाला छत्रात काय मिळे, याचे वर्णन सर्फोजीराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला धाडलेल्या पत्रात आहे. आजारी पडलेल्याला औषध आणि पथ्याचे अन्न, बाळंतिणीला तीन महिने मुक्काम, अनाथ मुलांना तीन वेळा जेवण आणि दर चार दिवसांनी अंगाला तेल. छत्रात नेमलेल्या वैद्यांविषयी राजे लिहितात की, हे लोक रोगांवर, सुजेवर आणि सर्पविषावर इलाज करण्यात वाकबगार आहेत.

यातली सूज आणि सर्पविष ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. वरवर पाहता या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. एक पायपिटीने येते, दुसरे भाताच्या खाचरातल्या सापाकडून. पण शरीरात या दोन्हींचे रणांगण बऱ्याच अंशी एकच असते. त्वचेखाली, स्नायूंच्या मधे, रक्तवाहिन्यांच्या अवतीभवती पसरलेला तो मऊ, पांढुरका, कोळ्याच्या जाळ्यासारखा भाग. खाटकाच्या दुकानात मटणाच्या तुकड्यावर जे पातळ पापुद्रे दिसतात, तेच ते. शाळेच्या पुस्तकात त्याला ‘संयोजी ऊती’ म्हणतात. नाव घोकून परीक्षेत लिहिले की पुढे जन्मभर ते कोणी आठवत नाही. हृदय, मेंदू, यकृत यांचे जे कौतुक होते, त्यातले शतांशही या ऊतीच्या वाट्याला येत नाही. वास्तविक हे सारे अवयव आपापल्या जागी राहतात ते तिच्याच जिवावर.

पेशी थोड्या, पसारा मोठा

आपल्या शरीरात चार मुख्य प्रकारच्या ऊती असतात. अंगाला आतून-बाहेरून अस्तर लावणारी ती अभिस्तर ऊती, आकुंचन पावणारी ती स्नायू ऊती, संदेश वाहणारी ती चेता ऊती आणि चौथी ही संयोजी. पहिल्या तिघींमध्ये पेशींची दाटी असते. विटेला वीट लागावी तशा पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. संयोजी ऊतीचा थाट निराळा आहे. तिच्यात पेशी विरळ, एकमेकींपासून दूर दूर विखुरलेल्या असतात आणि मधली सारी जागा त्यांनीच तयार केलेल्या सामानाने भरलेली असते. सामान दोन प्रकारचे. एक म्हणजे धागे आणि दुसरे म्हणजे ते धागे ज्यात रोवलेले असतात ते घट्टसर, पाणीदार आधारद्रव्य. साबुदाण्याची थंड झालेली खीर आणि तिच्यात शेवया, असे काहीसे चित्र डोळ्यांपुढे आणले तर फारसे चुकणार नाही.

धागे विणणारी पेशी ती फायब्रोब्लास्ट. ही शरीरातली विणकरीण. ती कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे बाहेर सोडते. ते दोरखंडासारखे, ओढले तरी न ताणले जाणारे. इलॅस्टिनचे धागे रबरासारखे, ओढले की लांबणारे आणि सोडले की पूर्ववत होणारे. तिसरे धागे अतिशय बारीक, जाळीदार. प्लीहा, लसिका ग्रंथी आणि अस्थिमज्जा यांचा नाजूक सांगाडा त्यांचा बनलेला असतो. या विणकरणीच्या शेजारी पहारेकरीही राहतात. मॅक्रोफेज पेशी जंतू आणि कचरा गिळून टाकते. मास्ट पेशी हिस्टॅमिन साठवून ठेवते, आणि डास चावला की जी गांधी उठते ती तिचीच करामत.

आता त्या सुजेकडे वळू. आधारद्रव्यात हायलुरोनन नावाचा एक लांबलचक शर्करारेणू असतो, तो आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. रक्तकेशिकांतून पाझरलेला द्रव नेहमीच या ऊतीत येत असतो, पेशींना अन्न पोहोचवतो आणि बराचसा परत जातो. उरलेला लसिकावाहिन्या वाहून नेतात. दिवसभर चालून किंवा उभे राहून पायांकडे द्रव जास्त साचला, किंवा हृदय, मूत्रपिंड यांचे काम बिघडले, की येणे वाढते आणि जाणे कमी होते. मग पावलावर बोट दाबले तर खळगा पडतो आणि तो लवकर भरत नाही. यात्रेकरूची पायपिटीची सूज एक-दोन दिवस पाय उंचावर ठेवून निजल्यावर उतरत असे. जी अशी उतरत नाही, तिचे मूळ पायात नसून दुसरीकडे असते, आणि ती डॉक्टरला दाखवायलाच हवी.

सापाची गोष्ट याहून विलक्षण. घोणसासारख्या सापांच्या विषात हायलुरोनन तोडणारे विकर असते. विष टोचले गेले की हे विकर आधारद्रव्याचा घट्टपणा मोडते, बांध फुटावा तसा रस्ता मोकळा होतो आणि विषातले बाकीचे घटक आत पसरत जातात. विषातील इतर विकरे कोलॅजेनचे धागेही कुरतडतात. म्हणून अशा दंशानंतर हातपाय भराभर सुजतो. अशा वेळी जखम कापणे, चोखणे, घट्ट दोरी आवळणे यांनी नुकसानच होते. तो अवयव न हलवता माणसाला प्रतिविष असलेल्या रुग्णालयात नेणे हाच खरा इलाज. जुन्या वैद्यांची झाडपाल्याची औषधे या विकरांपुढे कितपत टिकत असतील याविषयी शंकाच आहे. पण सूज आणि विष या दोन गोष्टी वाटसरूच्या जिवाशी गाठ घालतात, हे त्या छत्रांच्या व्यवस्थेने नेमके ओळखले होते.

दोराने बांधलेली नाव

तंजावरच्या समुद्रकिनाऱ्यावर कोळ्यांच्या ज्या होड्या असत, त्यांना तमिळमध्ये ‘कट्टुमरम’ म्हणतात. कट्टु म्हणजे बांधणे आणि मरम म्हणजे लाकूड. ओंडके शेजारी शेजारी ठेवून काथ्याच्या दोरांनी करकचून आवळले की झाली होडी, खिळा एकही नाही. इंग्रजीतला ‘कॅटामरान’ हा शब्द इथूनच गेला. सुश्रुताने शरीररचना समजावताना नेमका हाच दृष्टांत घेतला आहे. फळ्या जोडून अनेक बंधांनी बांधलेली नाव जशी पाण्यात माणसांचा भार वाहते, तसे सांधे अनेक स्नायूंनी बांधले गेल्यामुळे माणूस भार सोसू शकतो, असे तो सांगतो. त्याने स्नायूंची संख्या नऊशे दिली आहे.

इथे एक घोटाळा होण्याचा संभव आहे. आज मराठीत स्नायू म्हणजे दंडातली बेडकुळी, मांसल भाग. सुश्रुताला अभिप्रेत स्नायू म्हणजे बांधणारे दोर. मांसाला तो पेशी म्हणतो. शब्द तोच राहिला आणि अर्थ मात्र शेजारच्या घरात राहायला गेला! सुश्रुताच्या स्नायूंना आज आपण दोन नावांनी ओळखतो. मांसाला हाडाशी जोडतो तो स्नायुरज्जू आणि हाडाला हाडाशी जोडतो तो अस्थिबंध.

दोन्हींत कोलॅजेनचे धागे एकाच दिशेने, शिस्तीत, समांतर मांडलेले असतात. टाचेच्या मागे बोटांनी चिमटीत धरता येतो तो जाड दोर म्हणजे पोटरीचा स्नायुरज्जू. शरीरातला हा सर्वांत मजबूत. तळपायाखाली टाचेपासून बोटांपर्यंत पसरलेला पट्टा पावलाची कमान तोलून धरतो. धनुष्याच्या दोरीने काठी वाकलेली ठेवावी तशी ही युक्ती आहे. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येते, ती बहुतेक वेळा या पट्ट्याच्या दुखण्याने. कठीण फरशीवर तासन्‌तास अनवाणी उभ्या राहणाऱ्या गृहिणींना हे दुखणे चांगले परिचयाचे आहे. घरात मऊ तळव्याची चप्पल, पोटरीला ताण देणारा सोपा व्यायाम आणि थोडा धीर, एवढ्याने बहुतेकांचे भागते. धीर अशासाठी की, या दोरांना रक्तपुरवठा फार तुटपुंजा असतो. हाड मोडले तर काही आठवड्यांत सांधते, पण मुरगळलेला घोटा महिनोन्‌महिने कुरकुरतो याचे कारण हेच.

गरोदरपणात मात्र हे दोर मुद्दाम सैल सोडले जातात. रिलॅक्सिन आणि इतर संप्रेरकांच्या परिणामाने कटीरातील बंध ढिले होतात, पुढच्या बाजूचा कूर्चेचा सांधा किंचित लवचीक होतो आणि बाळाला वाट मिळते. कंबरदुखीची तक्रार त्यातूनच सुरू होते आणि बाळंतपणानंतर हे बंध पूर्ववत व्हायला काही महिने जातात. छत्रात बाळंतिणीला तीन महिने राहू देण्याचा नियम कोणी शरीरशास्त्र वाचून केला नसेल, पण सोय चांगलीच होती. बाळाच्या नाळेतला गुळगुळीत, चिकट गर हीसुद्धा संयोजी ऊतीच. आतल्या रक्तवाहिन्यांना पीळ पडला, दाब आला तरी तो गर त्यांना चेपू देत नाही. सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य टॉमस व्हार्टन यांचे नाव त्याला दिलेले आहे.

मद्रासचा तिपेडी गोफ

शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे पाव हिस्सा किंवा थोडे अधिक एकट्या कोलॅजेनचे असते. त्याचे २८ प्रकार आजवर सापडले आहेत. त्याचा रेणू कसा बांधला आहे, हे कोडे १९५०च्या सुमारास युरोप-अमेरिकेतल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांना सुटत नव्हते. ते सुटले ओरत्तनाडुपासून फार दूर नसलेल्या मद्रासमध्ये. मद्रास विद्यापीठात गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन हे तिशीचे प्राध्यापक भौतिकशास्त्र विभाग सांभाळीत होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल १९५२ साली मद्रासला आले असताना त्यांच्या बोलण्यात या कोड्याचा विषय निघाला आणि रामचंद्रन यांनी ते मनावर घेतले. शेजारीच १९४८ साली स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. कातडे म्हणजे कोलॅजेनच, तेव्हा शेजार फळाला आला. कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुरज्जूसारखे शुद्ध नमुने मिळवून त्यांनी त्यांची क्ष-किरण चित्रे घेतली.

गोपीनाथ कर्ता या सहकाऱ्याबरोबर १९५४ साली त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात उत्तर प्रसिद्ध केले. कोलॅजेनमध्ये तीन साखळ्या असतात. पुढच्याच वर्षी त्यांनी सुधारणा केली: प्रत्येक साखळी स्वतः पीळदार असते आणि शिवाय तिन्ही मिळून एकमेकींभोवती गुंफलेल्या असतात. मुलीच्या तिपेडी वेणीची प्रत्येक बट आधीच पिळून घ्यावी, तसे. हा पीळ घट्ट बसायचा तर मधोमध जागा अगदी थोडी उरते. म्हणून प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या ठिकाणी ग्लायसिन हे सर्वांत चिमुकले अमायनो आम्ल लागते. तिथे दुसरे कोणतेही बसले तर गोफ बिघडतो आणि बाटलीच्या काचेसारखी ठिसूळ हाडे घेऊन मूल जन्माला येऊ शकते. रेणूतील बंधांच्या तपशिलावरून डीएनएच्या रचनेसाठी प्रसिद्ध असलेले फ्रान्सिस क्रिक आणि त्यांचे सहकारी रिच यांच्याशी पुढे वाद झाला, पण तीन साखळ्यांचा मूळ गोफ सर्वांना मान्य झाला. रामचंद्रन २००१ साली वारले. चर्म संशोधन संस्थेतील सभागृहाला या तिपेडी गोफाचेच नाव आहे. नोबेल मात्र त्यांना मिळाले नाही, आणि त्याची हळहळ मद्रासच्या शास्त्रज्ञांत अजून आहे.

या गोफाचा उपयोग कारागिरांना त्याआधी कैक शतके ठाऊक होता. तंजावर ही मृदंगाची पंढरी. गाय, शेळी आणि म्हैस यांच्या कातड्यांतून मृदंगाची तोंडे आणि वाद्या तयार होतात. मृदंग बांधणारे तंजावरचे सेबास्टियन आणि त्यांच्यासारखी कारागीर कुटुंबे यांचा इतिहास टी. एम. कृष्ण यांनी २०२० साली एका पुस्तकात मांडला आहे. मैफलीत टाळ्या वादकाला मिळतात आणि कातडे निवडणारा मागे राहतो. कातडीच्या आतल्या थरात कोलॅजेनचे धागे स्नायुरज्जूसारखे समांतर नसतात. ते उभे, आडवे, तिरपे असे चहूदिशांनी एकमेकांत अडकलेले असतात. त्यामुळे कातडे कोणत्याही बाजूने ताणले तरी टिकते आणि थापेखाली फाटत नाही. तेच कातडे पाण्यात उकळले तर तिपेडी गोफ उलगडतो आणि सरस किंवा जिलेटिन तयार होते. बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवले तर गोफ परस्परांशी पक्के जखडले जातात आणि चामडे कमावले जाते.

गोफ विणताना फायब्रोब्लास्टला ‘क’ जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर साखळ्या नीट पक्क्या होत नाहीत. मग हिरड्यांतून रक्त येते, दात हलतात, जखमा भरत नाहीत. खलाशांचा हा स्कर्व्ही रोग. इंग्रज नौदलाचा अधिकारी अॅन्सन १७४०मध्ये जगप्रदक्षिणेला निघाला, तेव्हाच्या वृत्तांतात एका खलाशाची हकीकत आहे. पन्नास वर्षांपूर्वी लढाईत झालेली आणि पूर्ण बरी झालेली त्याची जखम स्कर्व्हीने पुन्हा उघडली. जखमेचा व्रण ही एकदाच शिवून ठेवलेली शिवण नसते. तिथले धागे सतत झिजत असतात आणि नव्याने विणले जात असतात. माणसाचे शरीर ‘क’ जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. रोजच्या जेवणात लिंबाची फोड, पेरू किंवा आवळा असेल तर विणकरणीचे काम थांबत नाही.

बैलाची मान आणि राजाचे डोळे

ओरत्तनाडु येथे २०१२ साली तमिळनाडू पशुवैद्यकीय विद्यापीठाचे महाविद्यालय सुरू झाले. गुरांच्या शरीररचनेच्या अभ्यासात इलॅस्टिनचा एक उत्तम नमुना पाहायला मिळतो. गाय-बैलाच्या मानेत, मणक्यांच्या वरच्या बाजूने एक पिवळसर जाड पट्टा जातो. बैल चरायला मान खाली घालतो तेव्हा तो रबरासारखा ताणला जातो आणि मान उचलताना मदत करतो. डोक्याचे एवढे मोठे ओझे दिवसभर वरखाली करायचे, ते नुसत्या मांसाच्या बळावर केले असते तर जनावर थकून गेले असते. माणूस दोन पायांवर उभा राहिला, त्यामुळे त्याच्या मानेतला पट्टा दुबळा झाला. आपले इलॅस्टिन मुख्यतः महारोहिणीच्या भिंतीत, फुप्फुसांत आणि त्वचेत असते. ते बरेचसे लहान वयातच तयार होते आणि पुढे फारसे नवे बनत नाही. ऊन आणि तंबाखूचा धूर त्याची नासाडी करतात. सुरकुत्यांवरची महागडी मलमे हे इलॅस्टिन परत आणू शकत नाहीत, हे सांगितलेले बरे.

सर्फोजीराजांना वैद्यकाचा नाद मोठा. धन्वंतरी महालात औषधे तयार होत आणि पारखली जात. त्यांतून निवडलेल्या उपचारांचे तमिळ पद्यसंग्रह पुढे सरस्वती महाल ग्रंथालयाने छापले. डोळ्यांच्या रुग्णांची तपशीलवार टिपणेही तेथे आहेत. डोळ्याचे पारदर्शक बुबुळ हीसुद्धा मुख्यतः संयोजी ऊतीच आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. त्याच्या जाडीचा फार मोठा भाग कोलॅजेनचा असतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागातही कोलॅजेनच असते, पण तिथले धागे लहान-मोठे आणि वेडेवाकडे, म्हणून तो अपारदर्शक. बुबुळात ते सारख्या जाडीचे, सारख्या अंतरावर, थरावर थर असे मांडलेले असतात, म्हणून प्रकाश आरपार जातो. रक्तवाहिन्या तिथे नाहीत. त्यामुळे एकाचे बुबुळ दुसऱ्याला बसवले तरी ते नाकारले जाण्याचा धोका इतर अवयवांपेक्षा कमी. पहिले यशस्वी बुबुळरोपण १९०५ साली एडुआर्ड झिर्म यांनी केले. नेत्रदानात दुसऱ्याच्या उपयोगी पडते ते हेच बुबुळ.

बाकीचे प्रकार थोडक्यात. मेद म्हणजे चरबी. ती ऊब देते, ऊर्जा साठवते आणि टाचेखाली गादीसारखी बसते. कूर्चा, म्हणजे पाठ्यपुस्तकातली कास्थी, तीन तऱ्हेची असते: सांध्यातली काचेसारखी गुळगुळीत, कानाच्या पाळीवरची लवचीक, आणि मणक्यांमधल्या चकत्यांतली धागेदार. हाडात कोलॅजेनच्या जाळीवर चुन्याचे क्षार बसवलेले असतात. कोंबडीचे हाड काही दिवस शिरक्यात ठेवले तर क्षार विरघळून ते रबरासारखे वाकते. तेच हाड विस्तवात जाळले तर धागे जळतात आणि उरलेले हाड चिमटीत भुगा होते. मुलांना सुट्टीत दाखवायला हा प्रयोग छान आहे. रक्तसुद्धा याच कुळातले मानतात. तेही गर्भातल्या त्याच मूळ ऊतीपासून होते आणि त्याच्या पेशी द्रवरूप आधारद्रव्यात तरंगतात. धागे मात्र जखम झाल्यावरच प्रकट होतात.

गुडघे, भुकट्या आणि सुपारी

कूर्चेला रक्तवाहिनी नाही. सांध्यातल्या वंगणातून तिला अन्न मिळते आणि ते आत शिरण्यासाठी सांध्याची हालचाल लागते. स्पंज दाबून सोडल्यावर पाणी शोषतो, तसेच हे. म्हणून गुडघे दुखतात या भीतीने बसून राहणारा माणूस कूर्चेची उपासमार करतो. चालणे, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणे यांनी दुखणे कमी होते, याला भरपूर आधार आहे. तेलाच्या मालिशीने बरे वाटते, ऊब येते, पण तेल सांध्यापर्यंत पोहोचत नाही. अलीकडे औषधांच्या दुकानांत कोलॅजेनच्या भुकट्यांचे डबे रचलेले दिसतात. पोटात गेलेले कोलॅजेन इतर प्रथिनांप्रमाणेच पचून त्याचे लहान तुकडे आणि अमायनो आम्ले होतात. ती नेमकी गुडघ्यातच जाऊन बसतील अशी व्यवस्था शरीरात नाही. काही अभ्यासांत थोडा गुण आल्याचे दिसते, पण त्यांतले बरेच विक्रेत्यांच्याच पैशांवर झालेले आहेत. डाळ, दूध, अंडी आणि लिंबू यांवर तेवढेच पैसे खर्च केले तर ते वाया जायची भीती नाही.

सकाळी बोटांचे सांधे तासाहून अधिक वेळ आखडलेले राहणे, दोन्ही हातांचे सांधे सुजणे, गालांवर उन्हाने लाल चट्टा उठणे, ही मात्र झिजेची लक्षणे नव्हेत. संधिवाताभ आणि ल्युपस यांसारख्या रोगांत शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच ऊतींवर उलटते. स्त्रियांमध्ये हे रोग कितीतरी अधिक आढळतात आणि घरात ‘बाईमाणसाचे दुखणे’ म्हणून ते वर्षानुवर्षे अंगावर काढले जातात. आज यांवर चांगली औषधे आहेत. ती लवकर सुरू केली तर सांधे वाकडे होण्याचे टळते.

संयोजी ऊतीचा आणखी एक रोग तर आपण स्वतःच्या हाताने ओढवून घेतो. १९५२ साली श्वार्ट्झ या डॉक्टरांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात एक विचित्र आजार पाहिला आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याचे वर्णन केले. गालांच्या आतली मऊ त्वचा पांढुरकी, कडक होत जाते, तिखट लागले की आग होते आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. कारण सुपारी. सुपारीतील द्रव्यांमुळे फायब्रोब्लास्ट गरजेपेक्षा जास्त कोलॅजेन विणू लागते आणि जुने कोलॅजेन मोडण्याचे काम मंदावते. गालाच्या आत दोरखंड तयार होतात. तंबाखू नसलेली, नुसती गोड सुपारीही हे करते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला कर्करोगकारक ठरवले, आणि या रोगातून काहींना पुढे तोंडाचा कर्करोग होतो.

तंजावरकडे कुंभकोणमच्या पानाची मोठी ख्याती आहे आणि आपल्याकडेही पानाशिवाय मंगलकार्य होत नाही. वर्षातून दोनदा जेवणानंतर विडा खाणारा आणि दिवसभर पुडी गालात धरणारा यांत फरक आहे, हे खरे. पण पुडीची सवय आता शाळकरी मुलांपर्यंत पोहोचली आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारी आणि तंबाखूच्या पुड्या वेगवेगळ्या विकून ती सर्रास बगल दिली जाते.

घरच्या घरी पाहण्यासारखी एक खूण आहे. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून पाहावीत. मोठ्या माणसाच्या तोंडात ती सहज मावतात. दोनच मावत असतील, किंवा तिखट भाजी खाताना रोज आग होत असेल, तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नये. या अवस्थेत सुपारी पूर्ण सोडली, तोंडाचे व्यायाम केले आणि औषधोपचार घेतले तर रोग बहुधा आहे तिथे थांबतो. तोंड थोडेफार उघडूही लागते. एकदा तयार झालेले जाड दोर मात्र आपोआप विरघळत नाहीत. ते शस्त्रक्रियेने कापावे लागतात आणि कापल्यावरही सुपारी चालू राहिली तर पुन्हा विणले जातात.